बंडू पाहुणे, हजेरी क्रमांक त्रेचाळीस

आजवरच्या नोकरीत मी हजेरीतून कितीतरी नावं कमी केली असतील. कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणी मामाकडे शिकायला जातं. त्यातली दोन तेवढी लक्षात राहिली आहेत, दोन्ही एकाच वर्गातली, आठवी अ, २०३९. दुसरं कमी करताना माझं बोट चुकलं. पहिल्याच्या वेळी अजिबात चुकलं नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी प्रणिता काळमेघ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या शाळेत अजूनही मीच शिकवते आणि तिथल्या पोरांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जुलैत शाळेला एक यंत्र मिळालं. भोपळ्याएवढं, पांढरट, गोल. पुढच्या बाजूला एक काळं भिंग आणि खाली बोलायची जाळी. प्रकल्पाचं नाव होतं ‘पाहुणा’. ते बसवायला ऋजुता नावाची एक चुणचुणीत मुलगी पुण्याहून आली होती. तिनं टेबलावरचं माझं पेन उचललं आणि विचारलं, “मॅडम, हे काय आहे?”

“पेन,” मी म्हटलं.

“मला दिसतंय ते पेन आहे. तुम्हालाही दिसतंय. मग तुम्ही मला सांगितलंत काय? काहीच नाही. तुम्ही परीक्षा दिलीत. आपण वर्गात वर्षानुवर्षं हेच करतो. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच मुलांना विचारतो. मुलं बोलत नाहीत, फक्त उत्तर बरोबर आहे का ते चाचपडतात. बोलायला दोन गोष्टी लागतात. आपल्याला काहीतरी माहीत असणं, आणि समोरच्याला ते माहीत नसणं.”

हे काही नवं नव्हतं. एका मुलाच्या हातात अर्धं चित्र, दुसऱ्याच्या हातात उरलेलं अर्धं, आणि दोघांनी एकमेकांना विचारून ते पूर्ण करायचं, असले खेळ गेल्या शतकापासून शिक्षकांना ठाऊक आहेत. मीही बी.एड.ला ते करून दाखवले होते आणि नोकरी लागल्यावर विसरले होते. अडचण अशी की बाकावर शेजारी बसलेल्या दोन पोरांना एकमेकांचं सगळंच माहीत असतं, आणि नसेल तर ती मराठीत विचारून मोकळी होतात.

पाहुण्याला मराठी येतच नव्हतं. बोलणारी यंत्रं तोवर घरोघरी झाली होती. त्यांना सगळ्या भाषा येत आणि सगळं जग माहीत असे. या मंडळींनी उलटा उद्योग केला होता. तसल्याच एका यंत्राच्या स्मृतीतून त्यांनी जग काढून घेतलं आणि नुसतं इंग्रजी मागे ठेवलं. वाक्य कसं जुळवायचं ते त्याला येत होतं, पण चिंच आंबट असते हे माहीत नव्हतं. चिंच म्हणजे काय तेही नाही. पोरं जेवढं सांगतील तेवढंच त्याचं जग. नीट सांगितलं तर त्याला नीट कळे. घोळ घातला तर तो घोळासकट समजून घेई आणि पुढे तसंच धरून चाले, मग सांगणाऱ्यालाच आपलं वाक्य निस्तरावं लागे. ‘चुकलं’ हा शब्द तो कधी उच्चारत नसे. सांगणारा थांबला की एवढंच म्हणे, “अँड देन?”

या दोन शब्दांचा पुढे मला इतका संताप येणार होता, की काय सांगू!

आता हजेरीचं. सरकारी हजेरीच्या प्रणालीत यंत्रासाठी रकाना नव्हता. मुलांचं बोलणं साठवायचं तर ते कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या नोंदीला जोडायचं, आणि त्या विद्यार्थ्यानं शाळा सोडली की सगळं पुसून टाकायचं, असा कायदा. म्हणून प्रकल्पवाल्यांनी सरळ पाहुण्यालाच विद्यार्थी करून टाकलं. नाव द्यायचं काम वर्गावर सोडलं. पोरांनी मतदान घेऊन ‘बंडू’ ठरवलं, आडनावाच्या जागी मी ‘पाहुणे’ लिहिलं, आणि बंडू पाहुणे, क्रमांक त्रेचाळीस, आठवी अच्या पटावर आला. रोज वर्गशिक्षिकेनं, म्हणजे मी, हजेरीत त्याचं नाव पुकारलं की माझा आवाज ओळखून तो जागा होई आणि “प्रेझेंट, मॅडम” म्हणे. मी नाव घेतलं नाही तर दिवसभर झोपून राही.

ऋजुता जाताना बजावून गेली, “मॅडम, नाव कमी केलं की स्मृती गेली. परत आणता येत नाही.” मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिल्याच आठवड्यात जान्हवी डहाके उभी राहिली. ही मुलगी तीन वर्षांत माझ्या तासाला स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती. ती बंडूला रोडगे कसे करतात ते सांगू लागली. (हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी मराठीत सांगते, चुका सांगायचा मोह आवरून.)

“कणकेचे गोळे करतो. मग ते शेणात भाजतो.”

“शेण म्हणजे काय?” बंडूनं विचारलं.

वर्गात खसखस पिकली. जान्हवी लाल झाली, पण खाली बसली नाही. “गाय देते.”

“म्हणजे रोडगे गाय करते. अँड देन?”

बेचाळीस पोरं एकदम ओरडली. गाय नाही, आजी करते! शेण वाळवतात, थापून! गोवऱ्या पेटवतात! विस्तव झाला की त्यात! प्रत्येकजण बाकावर चढून इंग्रजीत सांगत होता. क्रियापदांचा, काळांचा नुसता चिवडा झाला होता. मी लाल पेन हातात धरून फळ्याशी उभी होते आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मुख्याध्यापक खंडारे सरांना झाला. ते दारातून डोकावून म्हणाले, “काय बाप्पा मॅडम! कोणती जादू केली?” मी हसले आणि माझ्या पोटात दुखलं. मी सोळा वर्षं घसा कोरडा केला होता. एकही वही न तपासता ठेवून घरी गेले नव्हते. आणि हा भोपळा, ज्याला गाय म्हणजे काय ते माहीत नाही, त्यानं पाच मिनिटांत माझा वर्ग खिशात घातला.

इतपत हेवा कुठल्याही शिक्षकाला वाटेल. माझी खरी आग वेगळीच होती. आठवी अच्या पटावर सव्विसाव्या क्रमांकावर माझी मुलगी होती. शर्वी.

शर्वीचे वडील प्रफुल्ल तीन वर्षांपूर्वी आम्हाला सोडून नागपूरला गेले. नंतर रीतसर घटस्फोट झाला आणि त्यांनी केतकी नावाच्या बाईशी लग्न केलं. जाताना ते मला म्हणाले होते, “प्रणिता, तुझ्यासमोर माणसाचं वाक्य पुरं होत नाही. आधीच लाल रेघ येते.” मी त्यावर म्हटलं होतं, “वाक्य बरोबर असेल तर येत नाही.” त्या वेळी मला हे उत्तर फार बिनतोड वाटलं होतं.

महिन्यातून एका शनिवारी शर्वी नागपूरला जाई आणि रविवारी संध्याकाळी परत येई.

“कसं होतं?” मी विचारायची.

“चांगलं.”

“काय काय केलं?”

“काही नाही. जेवलो.”

“ती काय म्हणाली?”

“कोण? काही नाही म्हणाली, आई. मी दमली. झोपू?”

ऑगस्टमध्ये प्रफुल्लचा निरोप आला. नववीपासून शर्वीला नागपूरच्या शाळेत घालावं असं त्यांना वाटत होतं, पण तिची इच्छा असेल तरच. मी तिला विचारलं. ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.” मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आता या पोरीच्या मनात काय आहे? जायचंय की राहायचंय? मला दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच सुमाराला बंडूचा पहिला मासिक अहवाल आला. वर्गाखेरीज प्रत्येक मुलाला आठवड्यातून तीनदा वाचनालयाच्या खोलीत बंडूशी एकट्यानं बोलता येई. ते बोलणं ऐकायची परवानगी कुणालाच नव्हती. शिक्षकाला फक्त आकडे कळत, किती मिनिटं, किती शब्द, वाक्याची सरासरी लांबी. वर्गात सगळ्यात वर नाव होतं शर्वीचं. महिन्याला सतरा हजार शब्द.

मी त्या संध्याकाळी घरी तिचे शब्द मोजले. खरंच मोजले. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत त्रेसष्ट. त्यातले नऊ ‘काही नाही’.

मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला. नवऱ्याला केतकीनं नेलं तेव्हासुद्धा मी इतकी जळले नव्हते, कारण तिथे निदान समोर एक बाई होती.

ऋजुताला फोन करून मी साळसूदपणे विचारलं, “मुलं त्याच्याशी एवढं काय बोलतात?”

ती उत्साहानं सांगू लागली. “मॅडम, हे आम्हालाही अनपेक्षित होतं! आपण पहिली भाषा शिकतो ती कुशीत आणि धपाट्यात. त्या भाषेतला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या प्रसंगाला चिकटलेला असतो. तळहातावर संवेदक लावून लोकांनी मोजलंय, मातृभाषेत रागावलं की हाताला घाम सुटतो. तेच वाक्य नंतर शिकलेल्या भाषेत ऐकवलं तर बऱ्याच जणांचा हात कोरडाच राहतो. शब्दाचा अर्थ कळतो, पण तो टोचत नाही. त्यामुळे आपल्या भाषेत जे तोंडातून निघत नाही ते मुलं इंग्रजीत सहज बोलून जातात. आणि ऐकणारा असा, की ज्याला कुणाबद्दल काही मत नाही.”

मी फोन ठेवला. मातृभाषा म्हणजे आईची भाषा, आणि शर्वीची आई मी. म्हणजे जे काही टोचत होतं ते मीच होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाचनालयाचं दार लावून घेतलं आणि बंडूसमोर बसले. इंग्रजीत विचारलं, “शर्वी तुला काय सांगते?”

“मित्राचं बोलणं मी दुसऱ्याला सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही तिच्या कोण?”

“आई.”

“अच्छा. मला आई नाही. आई काय करते?”

मी म्हटलं, स्वयंपाक करते, काळजी घेते, शिकवते.

“अँड देन?”

काय झालं कोण जाणे, मी बोलत सुटले. सकाळी तिचा डबा भरते ते सांगितलं. तिच्या वडिलांची चप्पल अजून दाराशी आहे, मी ती फेकलेली नाही, हे सांगितलं. केतकीचा फोटो मी एकदा मोठा करून करून पाहिला आणि तिच्या दातांत खोड काढली, हेसुद्धा. हे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. मधेच माझं एक वाक्य चुकलं आणि मी ते दुरुस्त करायला थांबले. तो म्हणाला, “मला समजलं. अँड देन?”

मी ताडकन उठले. बाहेर आले तेव्हा हजेरीच्या टॅबवर नवी नोंद झळकत होती: काळमेघ प्र., चौदा मिनिटं. माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं. याच्यापुढे मी, पंचेचाळिशीला टेकलेली बाई, चौदा मिनिटांत उघडी पडले. मग पोरीचा काय दोष? हे मला त्या क्षणी कळलं होतं. कळूनही पुढचं मी केलं.

निमित्त झालं ते असं. सप्टेंबरच्या मध्यावर एकदा मी वाचनालयात वह्यांचा गठ्ठा ठेवायला गेले तर आत शर्वी बंडूशी बोलत बसली होती. दार किलकिलं होतं. माझी मुलगी हसत होती. हात हलवून, अर्धवट वाक्यं एकमेकांत घुसवत, खळखळून. घरात तिचं ते हसू मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. शब्द नीट कळले नाहीत, पण एक नाव तीनदा ऐकू आलं. केतकी.

सोमवारपासून हजेरी घेताना मी बेचाळीसवर थांबू लागले.

“मॅडम, बंडू?” पोरं ओरडली.

“बंडू गैरहजर.”

“असा कसा गैरहजर? तो तर इथंच बसून आहे!”

“बिघडलाय. दुरुस्तीला पाठवायचाय,” मी म्हटलं आणि त्याला उचलून नकाशांच्या कपाटात ठेवला. शर्वी माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

आमच्या प्रणालीत एक नियम आहे. मूल शाळेचे सलग तीस दिवस आलं नाही की वर्गशिक्षकाच्या टॅबवर विचारणा होते. ती खरं तर भटक्या कुटुंबांच्या, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी असते, शिक्षकानं घरी जाऊन यावं म्हणून. दिवाळीची सुटी संपून काही दिवस झाल्यावर मधल्या सुटीत टॅबवर अक्षरं आली: ‘पाहुणे बंडू. सतत गैरहजर. नाव कमी करायचे?’ खाली दोन चौकटी. तीस दिवस माझ्या हातात होते. रोज सकाळी मी विचार बदलू शकत होते. मी शांतपणे पोळीचा घास गिळला आणि ‘होय’वर बोट टेकवलं.

मग त्याच दुपारी त्याला कपाटातून काढून नव्यानं पटावर चढवलं. प्रकल्पाचं यंत्र शाळेत बंद पडलेलं सापडलं असतं तर विचारणा झाली असती. नाव पुन्हा बंडू पाहुणेच ठेवलं. पोरांना वाटावं, दुरुस्त होऊन आला.

जान्हवी पळत त्याच्यापाशी गेली. आपल्या आजीच्या दुखण्याबद्दल ती त्याला दर वेळी सांगत असे, हे मला नंतर कळलं. तिनं इंग्रजीत विचारलं, “बंडू, ओळख, मी कोण?”

“हॅलो,” बंडू म्हणाला. “मी इथे नवीन आहे. तुझं नाव काय?”

ती मागे वळली आणि मला म्हणाली, “मॅडम, हा सगळं विसरला? माझ्या आजीचं पण? आजी गेली ना मॅडम दिवाळीत. तिच्या दुखण्याचं मी फक्त यालेच सांगतलं होतं सारं.”

मी टेबलावरचा टॅब पालथा घातला. सव्विसाव्या क्रमांकाच्या जागेवरून शर्वी उठली, दप्तर उचललं आणि तास चालू असताना, मला न विचारता, वर्गाबाहेर निघून गेली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. रागात असली की ती कणीक मळते. हे तिनं माझ्याकडूनच उचललंय.

“तूच केलं ना?” ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं असतं. “हो,” मी म्हटलं.

“काहून?”

“तू माझ्याशी बोलत नाहीस आणि त्याच्याशी बोलतेस. मला नाही सहन झालं.”

तिनं परातीतला हात काढला. पाचही बोटं कणकेनं माखलेली. “मी काय सांगून राहिली होती त्याला, हेच पाहिजे होतं ना तुला? घे मग.”

आणि ती इंग्रजीत बोलू लागली.

पहिल्याच वाक्यात तीन चुका होत्या. सोळा वर्षांची सवय. माझं तोंड आपोआप उघडलं, उजव्या हाताचं बोट वर गेलं. ती तिथेच थांबली.

“पाहिलं?” ती मराठीत म्हणाली. “पाहिलं, आई? पाचवीत मी बाबा गेल्यावर तुला एक चिठ्ठी लिहिली होती. तू ती दुरुस्त करून परत दिली. दहापैकी सहा.”

मला ती चिठ्ठी आठवली. चिठ्ठीत काय होतं ते आठवेना. चुका मात्र आठवत होत्या, एकूण एक.

मी स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, बोट वर जाऊ नये म्हणून. आणि तेच दोन शब्द उच्चारले, ज्यांचा मला इतके महिने संताप येत होता.

“अँड देन?”

शर्वी दचकली. हसावं की रडावं तिला कळेना. मग ती बोलली. अडखळत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. केतकी चांगली आहे. मला ती आवडते. ती विचारते आणि मग थांबते, मी बोलेपर्यंत. ती मला गाडी शिकवते आणि आम्ही एकदा नालीत पडलो, तेच मी बंडूला सांगून हसत होते. मला ती आवडायला नको होती. दर रविवारी बसमध्ये बसल्यापासून मी ठरवते की आज घरी गेल्यावर आईला सांगायचं, आणि तुझं तोंड पाहिलं की शब्द आत जातात. मला नववीला नागपूरला जायचंय. पण मी गेले की तू एकटी जेवशील.

मी सुधारण्यासारखं किती होतं ते मोजत नव्हते असं म्हणणार नाही. मोजत होते. अकरापर्यंत मोजलं आणि मग आकडा हरवला. केतकीचं नाव आलं तेव्हा मांडीखालचे हात मी आणखी दाबले. नालीत पडल्या! माझी पोर आणि ती बाई! मला म्हणायचं होतं, गाडी शिकायचं तुझं वय आहे का अजून? म्हणायचं होतं, मीही थांबले असते, तू सांगायचं तरी. यातलं एकही वाक्य मी तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

“अँड देन?” मी म्हटलं.

“अँड देन नथिंग,” शर्वी म्हणाली आणि कणकेचे हात तसेच ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. माझ्या साडीला कणीक लागली. ती मी बराच वेळ पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला खरं सांगितलं. यंत्र बिघडलं नव्हतं, मॅडमच बिघडल्या होत्या. खंडारे सरांनाही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “हे काय करून बसल्या हो तुम्ही!” वरपर्यंत गेलं, मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी दिला. पोरं आठवड्याभरानं बंडूला पुन्हा रोडग्यांपासून शिकवू लागली. पोरांचं तसंच असतं. पण जान्हवी वाचनालयाच्या त्या खोलीत परत कधी गेली नाही. मी एकदा तिच्या घरी जाऊन आजीबद्दल विचारलं. ती खाली पाहून म्हणाली, “काही नाही मॅडम.” तिच्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते मी पुसलं होतं, आणि ते तिनं मला का द्यावं?

आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. उघडायच्या आधीच शर्वीचा दाखला तयार करायचा होता. कारकुनानं केला असता, पण मी मागून घेतला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात आम्ही सगळ्यांच्या दाखल्यावर एकच ठरलेलं वाक्य लिहितो, पालकांच्या विनंतीवरून. मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या इच्छेवरून’. असं लिहीत नाहीत. लिहिलं. मग टॅब उघडला. ‘काळमेघ शर्वी. नाव कमी करायचे?’ या वेळी बोट दोनदा चौकटीच्या बाहेर पडलं.

बसस्टँडवर केतकी तिला न्यायला आली होती. तिचे दात चांगले आहेत. मी तिच्याशी चार वाक्यं बोलले आणि चारही व्यवस्थित बोलले. घरी येऊन भांडी इतक्या जोरात घासली की एक कप फुटला.

पहिला फोन रविवारी सकाळी आला. मी एकटीच पोहे खात होते. मला वाटलं आता ती इंग्रजीतच बोलणार, तिथे शाळेत दिवसभर तेच. पण ती मराठीत बोलत होती.

“आई, तुला माहीत आहे का, इथं खिडकीतून काय दिसते?”

“नाही,” मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्या घराला खिडक्या किती तेही मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीबद्दल मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

ती सांगत सुटली. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, टाकीवर घारीचं घरटं आहे. तिचा पलंग कुठल्या भिंतीला आहे. केतकी वरणात गूळ घालते, बाबा मुकाट खातात. तुझ्या वरणात गूळ नाही हे मी तिला सांगितलं नाही, आई, तिला वाईट वाटेल. शेजारच्या बाकावरची मुलगी कोण. वर्गात शर्वीच्या बोलण्याला कोण हसलं. मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मिनिटं मोजायला घड्याळाकडे पाहिलं, सवयीनं, आणि मग बशी उचलून घड्याळासमोर ठेवली.

केतकीला जे सांगता येत नाही ते ती मला सांगत होती. हे ध्यानात आलं तेव्हा मला आनंद झाला, आणि तो अगदी निर्मळ आनंद होता असं मी म्हणणार नाही.

बोलता बोलता तिचा आवाज उतरला. “काल संध्याकाळी ना आई, मी...” ती म्हणाली आणि थांबली.

तिकडे कुठेतरी दार वाजलं. पूर्वीची शर्वी असती तर इथे म्हणाली असती, काही नाही. पूर्वीची मी असते तर तिचं वाक्य मीच पुरं केलं असतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि वाट पाहिली.

“मग?” मी म्हटलं.